आठव्या नंबरचं शहर

पुतणी ओसरीवर पाठ करते आहे
देशातली सर्वाधिक लोकसंख्येची शहरं,
मोठ्याकडून लहानाकडे.
तिसऱ्याला अडखळते, पुन्हा पहिल्यापासून.
मी पावत्या लावतो आहे.
न बघता सांगतो, "दिल्लीनंतर जरा दम घे.
दिल्ली लांब पडते."

सावद्याच्या काट्यावर एकोणीस वर्षं उभा आहे मी.
यातलं एकही शहर पाहिलेलं नाही.
पण कुठल्या शहराला किती हिरवं पाठवायचं
हे झोपेतून उठवून विचारा.
दिल्लीला बारा आणे भरलेला घड,
केळाच्या धारा अजून बोटाला लागतील असा.
कानपूरला तोच, वर सुकी पानं जास्त.
इंदूर एका रात्रीचा घाट, तेरा आणे चालतो.
सुरतेला चौदा.
सुरत म्हणजे संध्याकाळी भरलं, सकाळी उतरवलं.
शहर मोठं की लहान, ते मला ठाऊक नसतं.
जितकं दूर, तितकं कच्चं द्यायचं, एवढंच.

हुरमत तडवी घड कापतो.
खांद्यावर चुंभळ, सदरा चिकाने काळा.
ते डाग काढायचं त्याच्या बायकोने
लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं.
एकदा पाणी पिता पिता म्हणाला,
"भो, कलकत्त्याला माणसं किती?"
म्हटलं, असतील कोट-दीड कोट.
तो खाली बसला, बोटांची पेरं मोजू लागला.
"म्हणजे अर्धं अर्धं केळं दिलं तरी…"
आणि कोयता उचलून उठला.
"राहू दे. निंबोऱ्यापर्यंतच्या सगळ्या बागा
एका नाश्त्यात संपतील."

पुतणीच्या यादीत सुरत आठवी.
त्या आठव्यात आमचे किती, ते पुस्तकात नाही.
आमच्या गल्लीतली तेरा घरं
लिंबायतच्या नि उधन्याच्या खोल्यांत राहतात.
मागांच्या खडखडाटात बोलून बोलून
त्यांचे आवाज मोठे झालेत,
गावी आले की मयतीतसुद्धा ओरडतात.
शिरगणतीचा मास्तर आला होता तेव्हा
हिलालच्या दाराला कुलूप.
मला विचारलं, इथे माणसं किती?
म्हटलं, दिवाळीला सहा, आखाजीला नऊ,
एरवी एक कडुनिंब.
त्याच्या कागदात आखाजीचा रकाना नव्हता.

तापी पण तिकडेच जाते.
भुसावळच्या पुलाखाली
गुडघाभर पाण्यात आम्ही तिला ओळखतो.
तिकडे म्हणे दोन्ही काठ दिव्यांनी भरलेले असतात
आणि ती रुंद होऊन कुणाकडे बघत नाही.

काट्याच्या मागे भावाचा फळा आहे.
नवती, पिलबाग, कांदेबाग,
आणि सगळ्यात खाली, सगळ्यात कमी भावाची
वापसी.
खडूने मीच लिहितो रोज,
लिहिताना कधी काही वाटलं नव्हतं.

परवा हिलालचा मच्छिंद्र आला सुरतेहून, कायमचा.
मागाने दोन बोटं ठेवून घेतली.
काट्यापाशी उभा राहिला,
फळा वाचत राहिला, जरा जास्तच वेळ.
मी ट्रकच्या कागदावर मान घातली.
मग उरलेल्या बोटांनी एका घडावर टिचकी मारून म्हणाला,
"हा कुठे?"
"तुझ्याकडेच. सुरतेला."
"आईला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला,
"तिकडे आपण केळं विकत घेतो, भो.
एकेक. सहा रुपयाला.
आणि गाडीवाला विचारतो, भाऊ, गाव कोणतं?"

हुरमतने माझ्याकडे पाहिलं.
मी काट्याकडे.
त्याने कोयत्याने एक फणी उतरवली,
पानात गुंडाळून मच्छिंद्रच्या पिशवीत ठेवली.
हिरवीगार. चार दिवसांनी पिकेल, घाई करू नको म्हणाला.

ती पावती आत्ता माझ्या हातात आहे.
वजन मी बदललं नाही.
त्या रात्री सुरतेला
दीड-दोन किलो कमी पोचलं.
इतक्या माणसांत
कुणाला कळणार.